पुरात गेलेली आणि परत उभी राहिलेली खानावळ: वडे-सागोतीला पैकीच्या पैकी, पार्किंगला भोपळा

चिपळूणला बाजारपेठेत, मेन रोड सोडून आतल्या बोळात आहे. बोर्ड एवढुसा आहे, वासावर जायचं. नाव टाकत नाहीये कारण मालक काकांनीच सांगितलं की नका टाकू, रविवारी आधीच मुंबईच्या गाड्या येऊन थांबतात आणि रोजच्या गिऱ्हाइकाला ताटकळायला लागतं. ज्यांना चिपळूण माहितीये ते बरोबर शोधतील.

आधी खाण्याचं बोलू. वडे-सागोती मागवा, दुसरा विचार करू नका. वडे आले की टम्म फुगलेले, फोडले की वाफ, तेल हाताला लागेल एवढं पण ताटात तळं नाही. सागोतीत खोबरं नीट खरपूस भाजलेलं, रस्सा जाड नाही पण चवीला भक्कम, आणि गावठी कोंबडी म्हणून सांगितली तर गावठीच होती, दाताला कळतं ते. जूनपासून जुलै संपेपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तर आम्ही गेलो तेव्हा ताजे मासे नव्हतेच, आणि त्यांनी फ्रोझन सुरमई गळ्यात मारायचा प्रयत्न पण केला नाही, सरळ सांगितलं "मासं नाय, सुकट हाय". सुकटीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. बाहेर धो धो पाऊस आणि समोर पिठी, अजून काय पाहिजे माणसाला. सोलकढी मात्र पातळ होती, आणि लसूण जरा जास्तच. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या "आमच्यात अशीच करतात". बरं.

मेनू फारच छोटा आहे, सात-आठ पदार्थ, फळ्यावर खडूने लिहिलेले. बायको म्हणाली यांच्याकडे पनीर पण नाही का, तर नाही. त्याचं कारण विचारलं तेव्हा काका बसले गप्पा मारायला आणि मग खरी गोष्ट कळली.

आधी इथं मोठं मेनूकार्ड होतं, पंजाबी, चायनीज, सगळं, म्हणजे दोन डीप फ्रीज भरलेले, मागे किराण्याची गोणी लागलेली. लॉकडाऊनमध्ये धंदा बसलेला, कसंबसं पार्सलवर चालू होतं आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात घुसली. कोळकेवाडी धरणाचं पाणी आलं म्हणून झालं का पावसाने झालं का त्यात खाडीची भरती, यावर चिपळूणकर अजून तासभर भांडू शकतात, काका पण भांडले. पण मला लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट. यांची तयारी नव्हती असं नाही! २६ जुलै २००५ चा पूर यांनी बघितलेला, त्याची खूण भिंतीवर होती, आणि रात्री पाणी वाढायला लागलं तसं सगळं सामान त्या खुणेच्या वर नेऊन ठेवलं आणि निवांत झाले. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. फ्रीज तरंगत होते म्हणे, गल्ल्यातल्या नोटांचा लगदा, प्लायवूडचं काउंटर फुगून उघडलेलं आणि पाणी उतरल्यावर सगळीकडे तो चिकट गाळ, जो खोऱ्याने ओढला तरी भांड्यांच्या कडांत महिनोनमहिने निघत राहतो.

आता इथं लोक काय लिहितात मला माहितीये, कोकणी माणूस चिवट, चिपळूणकरांचं स्पिरिट वगैरे. मला त्याचा जरा कंटाळा आलाय. चिवट आहेतच, पण स्पिरिटने फ्रीज येत नाही हो. काकांनी मेव्हण्याकडून पैसे घेतले, पतपेढीचं कर्ज काढलं, आणि सुरुवातीला फ्रीजच नव्हता म्हणून रोज लागेल तेवढंच आणायचं आणि संपलं की शटर खाली. मागून आणलेल्या एका शेगडीवर पिठलं-भाकरी करून गाळ काढायला बाहेरगावाहून आलेल्या पोरांना घालत होते, तिथून परत गिऱ्हाईक लागलं. पुढे फ्रीज घेता आला असता दुसरा, पण तोवर यांच्या लक्षात आलं की रोजचं ताजं आणल्यावर लोक जास्त येतायत आणि नासधूस पण कमी. म्हणून पनीर नाही, नूडल्स नाहीत.

आणि हॉटेलात बसल्यावर जरा वर बघा, लोक बघतच नाहीत. सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या वर आहेत, पंखा लावायला सुनेला स्टुलावर चढायला लागतं. काउंटर कडाप्प्याचं, टेबलं लोखंडी फोल्डिंगची, लाकूड म्हणून कुठे ठेवलंच नाही. आतल्या बाजूला माळ्याला चेन पुली लावलीये आणि एकुलता एक फ्रीज खाली लोखंडी फ्रेमवर उभा आहे, साखळी अडकवून ओढला की वर. तांदूळ, कुळीथ मोठ्या झाकणाच्या बॅरलमध्ये, ते पावसाळाभर माळ्यावरच असतात. मी विचारलं आता कुठल्या खुणेपर्यंत धरलंय, तर काका म्हणाले खूण-बिण पुसून टाकली, आता माळाच. "पयला फ्रीज वर, मग गल्ला, मग मी." म्हटलं आणि काकू? "ती आधीच वर असते, वरनं ओरडते."

एक कामाचं सांगून ठेवतो, ज्यांचं दुकान आहे त्यांच्यासाठी. काकांची तेव्हा पॉलिसी होती, पण ती आगीची, आणि प्रीमियम वाचवायला पुराचं कव्हर त्यातून काढलेलं, त्यामुळे हातात काही आलं नाही. आता त्यांनी पुरासकट घेतलीये, मालाची वेगळी रक्कम, फर्निचर-मशीनची वेगळी, आणि दर मे महिन्यात फोनवर सगळ्या सामानाचा व्हिडिओ काढून पोराला पाठवतात, मूळ बिलं पण त्याच्याकडेच. मी घरी आल्यावर आपल्या दुकानाची पॉलिसी काढून वाचली, तुम्ही पण वाचा.

नदीचं म्हणाल तर २०२१ च्या डिसेंबरला चिपळूण बचाव समितीने उपोषण केलं, मग गाळ काढायचं काम लागलं, नाम फाउंडेशनच्या मशिनी पण आल्या होत्या. काकांच्या मते फरक पडलाय, शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा म्हणाले कप्पाळ पडलाय. मी दोघांना हो म्हटलं आणि अजून एक वडा घेतला.

तक्रारी आहेतच. पार्किंग शून्य, गाडी लांब लावून चालत या, आणि पावसात बोळात घोटाभर पाणी असतं तर चांगल्या चपला घालू नका. सर्व्हिस स्लो आहे, वडे ऑर्डर दिल्यावरच थापतात, म्हणजे अर्धा तास धरून चला, भुकेलेली पोरं बरोबर असतील तर बिस्किटं जवळ ठेवा. हात धुवायला एकच बेसिन. उंच स्विचमुळे असेल पण कोपऱ्यातल्या टेबलावर उजेड कमी पडतो, रस्स्यातलं हाड शोधायला लागतं. वडे-सागोती अडीचशेच्या आसपास, एक्स्ट्रा वड्याचे वेगळे पैसे, जीपे चालतं पण नेटवर्क गेलं तर नाही, कॅश ठेवा.

दुपारी साडेबाराला गेलात तर निवांत मिळेल, दीडनंतर सागोती संपायला लागते आणि संपली की परत करत नाहीत, कितीही गळ घाला. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल त्या दिवशी जाऊच नका, सकाळपासून माल वर चढवायचं काम चालू असतं, आणि तरी फोन केलात तर काकू उचलतील आणि घरी बसायला काय होतं म्हणून तुम्हालाच झापतील.