प्रवासात सोबत ठेवायला गिडियनचा खिशातला नवा करार
बॅगेत नको, खिशातच ठेवा हा नवा करार, म्हणजे बायबलचा येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलचा भाग. छोटा, हलका, शिवाय मागे बायबलमधली स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे ही पुस्तकंपण आहेत. मला सगळ्यात आवडतं ते सुरुवातीचं पान, भीती वाटते, चिंता आहे, एकटं वाटतं अशा वेळी कुठे वाचायचं ते तिथे दिलंय, त्यामुळे शेजारचा प्रवासी मन मोकळं करायला लागला की आपण भाषण न देता नुसतं ते पान पुढे करायचं, बाकी प्रभू बघतो. मुळात बायबल वाटणारी ही गिडियन संस्थाच 1899 मध्ये अमेरिकेत फिरत्या सेल्समन लोकांनी सुरू केली आणि 1908 पासून हॉटेलच्या खोल्यांमध्ये बायबल ठेवायला लागले, म्हणजे प्रवास यांच्या रक्तातच आहे! नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 8व्या अध्यायातला फिलिप्प आठवा, रथातल्या माणसाला त्याने आधी प्रश्न विचारला, मग त्याच्याच हातातल्या वचनापासून सुरुवात केली. तसंच करा, आधी ऐका. समोरच्याला नको असेल तर लगेच थांबा, जबरदस्तीने साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल सांगणं, होत नाही, येशूचा शिष्य पेत्र यानेसुद्धा सौम्यतेने उत्तर द्या असंच लिहिलंय. एवढ्या आकारात अक्षर बारीक असणारच, वयस्कर सहप्रवाशाला आपणच वाचून दाखवायचं, त्यातूनच छान गप्पा सुरू होतात. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. शक्यतो दोन प्रती ठेवा, एक देऊन टाकायला.