वाइल्डलाइफसाठी बॅग घेताय? मागून उघडणारी, लांब लेन्सवाली की ट्रेकिंगची सॅक

बॅग कोणती घेऊ असं विचारलं की लोक लगेच ब्रँड सांगायला लागतात, लोप्रो घे, थिंक टँक घे, एफ-स्टॉपला तोड नाही वगैरे. माझं म्हणणं असं की ब्रँड सगळ्यात शेवटी बघा, आधी हे ठरवा की तुम्ही फोटो काढायला जाता कसे, जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) बसून की पायी. ताडोब्याला जी बॅग एकदम सोयीची वाटते तीच पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत दोन तास खांद्यावर घेतली की जीव नकोसा होतो, आणि पायी फिरायला मस्त असलेली बॅग जिप्सीत सारखी आडवी येते.

त्यानंतर लेन्सची लांबी. बॅगेवर लिहिलेले लिटर बघून काहीच कळत नाही. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० (हे आकडे झूमचे, मिलीमीटरमध्ये) बंद केल्यावर साधारण २६ सेमी, निकॉनची जुनी २००-५०० जवळपास २७, पण सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६०० या आतल्या आत झूम होतात, म्हणजे त्या कधी आखडतच नाहीत, कायम साडेएकतीस-बत्तीस सेमी. त्याला बॉडी, म्हणजे कॅमेरा, लावून ठेवायची तर अजून सात-आठ सेमी धरा (आणि लावूनच ठेवायची, पक्षी समोर आल्यावर कोण जोडत बसणार). म्हणजे आतला कप्पा ४० सेमीच्या पुढे हवा, आतला, बाहेरचं माप नाही. कॅननची आरएफ १००-५०० मात्र २१ सेमीच्या आत आणि कॉलर (लेन्स ट्रायपॉडला लावायची कडी) काढली तर दीड किलोपेक्षा कमी, त्यामुळे ती असेल तर छोटी बॅगसुद्धा चालते.

अजून एक गोष्ट दुकानात कोणी बघत नाही ती म्हणजे लेन्सच्या कॉलरचा पाय. हूड उलटा लावून लेन्स आडवी ठेवली की तो पाय वर येतो आणि बॅगेची चेन नेमकी तिथेच अडते, ओढून लावली तर बाहेरून टेंगूळ दिसतं आणि सगळा दाब माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. कॉलर सैल करून पाय बाजूला फिरवला की बहुतेक वेळा बसते. म्हणून आपली लेन्स घेऊनच दुकानात जा आणि प्रत्यक्ष बसवून चेन लावून बघा. ऑनलाइन घेत असाल तर आतल्या कप्प्याची खोलीपण तपासा, फक्त लांबी-रुंदी नाही.

आता तीन प्रकार.

पहिला, मागून उघडणाऱ्या बॅगा, म्हणजे पाठीला टेकणारी बाजूच उघडते. लोप्रोची फ्लिपसाइड, थिंक टँकची बॅकलाइट २६ लिटर वगैरे. यांची खरी गंमत अशी की कमरेचा पट्टा न सोडता खांद्याचे पट्टे काढायचे, बॅग फिरवून पोटासमोर आणायची आणि उघडायची, टेबलासारखी समोर उभी राहते. खाली चिखल असो, शेण असो, जळवा असोत, बॅग जमिनीला लागतच नाही. दुसरं म्हणजे चिखलाची बाजू वेगळी आणि पाठीची वेगळी, त्यामुळे बॅग खाली ठेवावी लागली तरी परत घातल्यावर पाठ भरत नाही. ट्रायपॉड पुढच्या बाजूला बांधला तरी उघडायला अडत नाही, आणि मधोमध असल्यामुळे बॅग एका अंगाला झुकत नाही. पायी फिरणाऱ्यांना मी डोळे झाकून हाच प्रकार सांगेन. पण जिप्सीत हीच बॅग त्रास देते, कारण ती उघडायला पूर्ण आडवी पाडावी लागते आणि सीटवर तिघं दाटीवाटीनं बसलेले असताना तेवढी जागा कुठून आणणार.

याच गटात लोप्रोची प्रोटॅक्टिक ४५० पण लोक बघतात, मागून, वरून, बाजूनं सगळीकडून उघडते, दणकट आहे. पण रिकामी बॅगच अडीच किलोच्या वर. बॉडी, दोन किलोची लेन्स, ट्रायपॉड, दोन लिटर पाणी, डबा हे सगळं धरलं की सहज नऊ-दहा किलो होतात, त्यात बॅगेचा एकेक किलो जाणवतो. आणि विमानानं जाणार असाल तर देशातल्या बऱ्याच फ्लाइटना इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा ७ किलो, त्यातले अडीच बॅगेनंच खाल्ले तर उरलं काय? सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, लेन्स तर कोणी टाकणारच नाही, मग काउंटरवर हुज्जत ठरलेली.

दुसरा प्रकार लांब लेन्सच्या बॅगा, उदाहरणार्थ लोप्रोची लेन्स ट्रेकर ६००. ६०० एफ/४ सारखी मोठी प्राइम (झूम नसलेली लेन्स) बॉडीला लावूनच आत जाते. तुमच्याकडे तशी लेन्स असेल तर दुसरा पर्याय शोधूच नका. पण १५०-६०० साठी ही घेऊ नका, उगाच अर्धी रिकामी राहते आणि पाणी, जेवण, रेनकोटसाठी फारशी जागा नसते.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचारात घेतला जाणारा पर्याय, साधी ट्रेकिंगची सॅक आणि आत वेगळा पॅडेड इन्सर्ट. एफ-स्टॉप याच पद्धतीवर चालते, सॅक वेगळी आणि आतला कॅमेऱ्याचा डबा वेगळा, पण तेच काम चांगली ४०-५० लिटरची सॅक आणि बाजारातला साधा इन्सर्ट घेऊन खूप स्वस्तात होतं. ट्रेकिंगच्या कंपन्या पाठीचा आणि कमरेचा जेवढा विचार करतात तेवढा कॅमेरा बॅगवाले क्वचितच करतात. चांगल्या सॅकमध्ये पाठीची उंची कमी-जास्त करता येते, बऱ्याच कॅमेरा बॅगांमध्ये ती ठरलेली असते आणि मग उंचीनं लहान असलेल्यांच्या, विशेषतः मुलींच्या, कमरेचा पट्टा कमरेवर न येता खाली सरकतो आणि सगळं वजन खांद्यावर. (शिमोडासारख्या काही कॅमेरा बॅगा पाठीची उंची बदलू देतात, बायकांसाठी वेगळे पट्टेही देतात, पण स्वस्त नाहीत.) सॅकचा तोटा उघडायचा, वरून हात घालून कॅमेरा काढेपर्यंत स्वर्गीय नर्तक दोन झाडं पुढे गेलेला असतो. म्हणून सॅक घ्यायची तर पुढून किंवा मागून पूर्ण चेन असलेलीच घ्या. मुक्काम असेल, कपडे, स्लीपिंग बॅग न्यायची असेल, तर याच्यासारखं काही नाही.

पावसाचं सगळ्यांना सारखंच लागू. रेन कव्हर पुढून झाकतं, पाठीची बाजू उघडीच राहते, तिथून पाणी आणि घाम दोन्ही आत मुरतात. आंबोलीला जून-जुलैत रात्री बेडूक शोधत फिरायचं तर कव्हरच्या भरवशावर राहू नका, आत जाड प्लास्टिकची पिशवी किंवा ड्राय बॅग घाला आणि मग सामान ठेवा. भिगवणला होडीत तर पाणी खालून येतं, तळाशी साचलेलंच असतं, तिथे रेन कव्हर उलट ओंजळ होऊन पाणी धरून ठेवतं. आणि परत आल्यावर बॅग पूर्ण उघडून पंख्याखाली वाळवा, ओल्या फोममध्ये लेन्स तशीच ठेवली की फंगस धरायला वेळ लागत नाही.

आवाजाचंही बघा. कप्प्याला मोठं वेल्क्रो असेल तर ते उघडताना जो चर्र आवाज होतो त्यानं पाणवठ्यावर आलेलं हरीणसुद्धा मान वर करतं. चेन आणि बकल बरे.

मग घ्यायची कुठली? आठवड्याला पाषाण, सिंहगड व्हॅली, ताम्हिणी असं पायी फिरणं असेल आणि लेन्स १५०-६०० किंवा २००-६०० असेल, तर मागून उघडणारी, दोन किलोच्या आतली, कमरेला जाड पट्टा असलेली. मुक्कामी ट्रेक असेल तर सॅक आणि इन्सर्ट. आणि वर्षातून फक्त ताडोबा-पेंचच्या सफारी होत असतील तर भारी बॅकपॅकवर पैसे घालवूच नका, वरून उघडणारी साधी बॅग पायाशी ठेवा, धुळीसाठी वर एक मोठा पंचा किंवा उशीचा अभ्रा टाका आणि वाचलेल्या पैशातून लेन्स टेकवायला एक बीनबॅग घ्या, घरून रिकामी न्या आणि तिथल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा.