गणपतीची गाडी: रांग की रिझर्वेशन?

चतुर्थीला कणकवलीला जायचं तर आम्हा चाकरमान्यांपुढे दोन वाटा. 60 दिवस आधी सकाळी 8 च्या ठोक्याला ऑनलाइन रिझर्वेशन, नाहीतर पहाटे दिवा स्टेशनवर सावंतवाडी गाडीच्या जनरल डब्यासाठी रांग.

रिझर्वेशनची मुदत 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 वरून 60 दिवसांवर आली. नियम सगळ्यांना सारखा, पण आठ वाजता ड्युटीवर असलेल्या वॉचमनने बुकिंग करायचं कधी? माझं तर पैसे भरेपर्यंत वेटिंग लागलं.

रांगेत निदान पुढे कोण आहे ते दिसतं. घुसणाऱ्याला "ओ काका, मागे या" म्हणता येतं. वेबसाइटला कोण सांगणार? पण कडेवर पोर असेल तर ही समानता क्रूरच. शिवाय गाडी लागली की रांग मोडते, मग ज्याच्या खांद्यात जोर त्याची सीट.

(डिस्नेच्या पार्कांतही रांगेचा हाच प्रश्न. 1999 चा फास्टपास, म्हणजे रांग चुकवायचा पास, फुकट होता. डिस्ने वर्ल्डमध्ये 2021 पासून रांग चुकवायला पैसे लागतात. आपला तत्काळ त्याचाच भाऊ.)

मी? आई बरोबर असेल तर रिझर्वेशन. एकटा असलो तर दिवा.