‘यमुनापर्यटन’ आज वाचताना

बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘यमुनापर्यटन’ला मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान अनेक अभ्यासक देतात, तो मान क्षणभर बाजूला ठेवून केवळ वाचक म्हणून ती हाती घेतल्यास पदरात काय पडते, हे पाहण्यासाठी मी ती नुकतीच पुन्हा वाचली.

यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात, वाटेत त्यांना विधवांच्या हकीगती कळत जातात आणि कथा पुढे सरकते. ‘हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे जोडनाव लेखकाने प्रामाणिकपणे दिले आहे, कारण निरूपणापुढे कथानक वारंवार मागे पडते आणि रहस्याची ओढ असलेल्या वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. विनायकाच्या अपघाती मृत्यूनंतर मात्र, आजवर इतरांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच त्यांच्या रांगेत येऊन उभी राहते, आणि तेथून पुस्तक खाली ठेववत नाही. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. (दीडशे वर्षांनंतर शेवट सांगितल्याबद्दल कोणी रागावू नये.) विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, तरीही नायिकेला नवा संसार धर्मांतरानंतरच लाभतो, यावरून कायद्यापेक्षा लेखकाचा भरवसा कशावर होता, हे उघड होते.

पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला होता. त्या नव्या श्रद्धेचा आवेश कादंबरीला बळ देतो आणि तोच तिला जडही करतो: पात्रे बोलता बोलता प्रवचनकार होतात, विरोधकांचे युक्तिवाद तर आधीच हरण्यासाठी मांडल्यासारखे वाटतात. नवराबायकोचे प्रेम, एकमेकांशी मोकळेपणाने विचार करण्यातून दिसणारे, मला अधिक भावले.

माझ्या हाती आलेल्या पुनर्मुद्रित प्रतीचा टाइप इतका बारीक आहे, की आईला काही पाने मोठ्याने वाचून दाखवावी लागली. जुन्या शब्दांचे अर्थही त्यात कोठे दिलेले नाहीत. केशवपनाचा मजकूर आला तेव्हा तिने मला थांबवले आणि लहानपणी आजोळी पाहिलेल्या, लाल आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढून माजघरात बसणाऱ्या आत्याआजीची आठवण सांगितली. त्यानंतर, उपदेशाची पाने गाळून पुढचे वाच, अशी तिने सूचना केली.