बोट मेली नव्हती, वॉल्व सैल होता

“दुरुस्तीत पैसे घालू नका, बोट मेलीय.” असं फुगवायच्या रबरी बोटीचा दुरुस्तीवाला म्हणाला की लगेच विचारा: हवा नेमकी कुठून जातेय? नेमकी जागा दाखवता आली नाही, तर तिथून निघा.

आमच्या बोटीचे आकडे लिहितो, रुपयांत नाही, नव्या बोटीच्या किमतीच्या हिशेबात, म्हणजे कुणालाही आपला हिशेब लावता येईल. पहिला अंदाज: एक ठिगळ, 12 टक्के. बोट उघडल्यावर “सगळे सांधे गेलेत”, म्हणून 38 टक्के, तेही आगाऊ आणि परत न मिळणारे. त्यानंतर “नाहीच होणार, एक्स्चेंज करा”. जुनीचे 5 टक्के वळते करून वर 95 मोजून घेतले. एकूण 133 टक्के, आणि हातात आली रंग मारलेली जुनी बोट. दिलेली बोट त्याच एचआयएनसकट (बोटीचा ओळख क्रमांक), नवा वॉल्व लावून, “उत्तम स्थितीत” म्हणून विक्रीला निघाली. भाव 60 टक्के!

आता डाव कसा होता ते बघा. भर दुपारी उन्हात ट्यूब 250 मिलिबारपर्यंत फुगवायची. संध्याकाळी गेज लावायचं: 205. “बघा, हवा जातेय.” अहो, जाणारच! तापमान एक अंश उतरलं की ट्यूबमधला दाब साधारण 4 मिलिबारनं उतरतो. दहा अंश उतरले की 40 गेले, एकही भोक नसताना. शिवाय उन्हातली गडद ट्यूब आजूबाजूच्या हवेपेक्षा बरीच जास्त तापलेली असते, ते वेगळंच. सकाळी फुगवून दुपारी मोजलं असतं तर हीच बोट हवा कमावतेय असं दिसलं असतं.

यात ग्राहकाचं काय चुकलं? गेजवरचा आकडा खरा होता. खोटा आकडा दाखवला असता तर तिथंच पकडला असता. इथं खरा आकडा दाखवून खोटं सांगितलं.

चाचणी सावलीत करायची. ट्यूबचे सगळे कप्पे सारख्या दाबाला आणायचे, दाबासोबत तापमान लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच तापमानाला पुन्हा मोजायचं. एकच कप्पा उतरला तर भोक, सांधा नाहीतर वॉल्व. शेजारचा कप्पा रिकामा ठेवून बघितलं आणि एक उतरून शेजारचा फुगला, तर दोन कप्प्यांमधला आतला पडदा गेलाय. त्यावर बाहेरून मारलेलं ठिगळ म्हणजे निव्वळ लूट. सगळे सारखेच उतरले तर आधी तापमान बघा, मग कापडाकडे वळा.

मग साबणाचं पाणी, आणि सुरुवात वॉल्वपासून. बुडबुडे मधून येत असतील तर वॉल्वच्या पडद्यावर वाळू किंवा कचरा अडकलाय. कडेच्या कॉलरभोवती येत असतील तर वॉल्व सैल झालाय. ट्यूबच्या आतला नट कापडावरून धरायचा आणि खास पान्यानं बाहेरचा भाग आवळायचा. झालं. या कामाला 38 टक्के!

खरी खूण पहिल्याच दिवशी समोर आली होती. कापड कोणतं, पीव्हीसी (प्लास्टिक) की हायपॅलॉन (रबर), हे दुरुस्तीवाल्यानं विचारलंच नाही. हात फिरवून पाहिला नाही, आतली बाजू पाहिली नाही, सरळ गोंदाचा डबा उघडला. हे काम येणारा माणूस दुसरं काही विचारण्याआधी हेच विचारतो, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पीव्हीसीला दोन भागांचा पॉलियुरेथेन गोंद आणि आधी एमईके या सॉल्व्हंटचा हात. हायपॅलॉनला निओप्रीनवर आधारलेला दोन भागांचा गोंद. त्याआधी पॉलिशपेपरनं पृष्ठभाग खरवडून टोल्युइननं पुसायचं. अदलाबदल केली की ठिगळ पहिल्या उन्हात सोलून निघतं.

आणि हार्डनर, म्हणजे गोंदाचा दुसरा भाग? बाटली बाकावरच होती, बंद. नुसता गोंद सुरुवातीला धरतो, उष्णतेनं सुटतो, तोवर पैसे वसूल झालेले असतात. बाटली उघडताना पाहिली नाही तर पैसे देऊ नका.

ठिगळ गोल कोपऱ्यांचं, फाटीच्या चहूबाजूंनी 5 सेंटिमीटर जास्त. दोन्ही बाजूंना पातळ तीन हात, प्रत्येक हात सुकू द्यायचा, शेवटचा बोटाला जरासा चिकटेल तेव्हा लावून मधून बाहेर रोलर. चोवीस तास हवा नाही. दमट हवेत हे काम करूच नये. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि गोंद पांढुरका पडतो. पावसात “उद्या घेऊन जा” म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

खरंच टाकून द्यावी अशी बोट असते, नाही असं नाही. हायपॅलॉनवर साबण लावला आणि हातभर जागेत बारीक फेस आला तर कापडच सच्छिद्र झालंय. आत द्रव सीलंट ओतणारे भेटतील, पण ती तात्पुरती मलमपट्टी. पीव्हीसी धुऊनही चिकट राहत असेल तर प्लास्टिसायझर (कापड मऊ ठेवणारं द्रव्य) बाहेर येतोय आणि त्यावर गोंद टिकत नाही. चिकटवलेल्या पीव्हीसीचा एक लांब सांधा उन्हात उकलला की बाकीचेही त्याच वयाचे असतात. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन लावायच्या मागच्या फळीवर, ठोकून आवाज बद्द आला, स्क्रू नुसतेच फिरले, तर आतलं प्लायवुड कुजलंय. यातलं एकही आमच्या बोटीत नव्हतं.

“नवी” बोट घेताना ट्रान्समवरचा एचआयएन वाचा. अमेरिकी पद्धतीच्या बारा अक्षरांत शेवटचे दोन आकडे मॉडेल-वर्षाचे असतात. तो खरवडलेला किंवा रंगाखाली असेल तर सौदा मोडा. रंग सांध्याच्या पट्टीवरून सलग गेलेला असेल तर पट्टीची कड लपवलीय. चकाकी सिलिकॉनची असेल तर पुढे त्यावर ठिगळही धरणार नाही. आणि “अस्सल ड्यूपाँट हायपॅलॉन, अगदी नवं” म्हणणाऱ्याला सांगा की ड्यूपाँटनं ते बनवणं 2010 मध्येच बंद केलं. आज त्या नावानं विकलं जातं ते दुसऱ्यांचं सीएसएम, म्हणजे त्याच जातीचं रबर. ते वाईट नसतं, पण विकणारा खोटं बोलतोय हे कळतं.

तक्रारीचं ऐका. पोलिस म्हणाले, हा व्यवहाराचा वाद, ग्राहक खात्याकडे जा. ग्राहक खातं म्हणालं, तज्ज्ञाचा लेखी अहवाल आणा. अहवाल कोण देणार? दुसरा दुरुस्तीवाला. तो म्हणाला, धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून देत नाही. बोट बनवणाऱ्यांनी कळवलं, तो आमचा अधिकृत माणूस नाही, संबंध नाही. मग अधिकृत कोण, त्याला उत्तर नाही. पुन्हा ग्राहक खातं: मूळ बोट तपासणीला हजर करा. जी बोट त्यानंच घेतली आणि विकायला काढली, ती आम्ही हजर करायची! विक्रीची जाहिरात दाखवली तर म्हणे, बोट तीच आहे हे कशावरून? एचआयएनचा फोटो दिला. तो फाईलला लागला, आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कुणालाच माहीत नाही.

म्हणून बोट देण्याआधी एचआयएन, प्रत्येक वॉल्व आणि प्रत्येक सांध्याचा फोटो तारखेसह काढा. अंदाजपत्रकात कापडाचं नाव, गोंदाचं नाव आणि कुठल्या कप्प्यातून हवा जातेय हे लिहून घ्या. काढलेला जुना वॉल्व परत मागा. देत नसेल तर तो बदललेलाच नाही.