कूलर आणि कॅबिनेट: नाशिकच्या उन्हाळ्यासह दहा महिन्यांचा अनुभव

माझ्या संगणकात एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर आहे. त्याच्यासोबत प्रोसेसर थंड ठेवणारा रेथ स्टेल्थ हा बुटका कूलर मिळतो आणि साध्या कामाला तो पुरतो. माझा व्यवसाय लग्नाच्या व्हिडिओंच्या संकलनाचा असल्याने रोज रात्री रेंडर, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करण्याचे काम, लावावे लागते. मार्चअखेर त्या वेळी तापमान ९२ अंशांवर जाऊ लागले आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. पंख्याचा आवाज तर शेजारच्या खोलीतही ऐकू येई.

म्हणून डीपकूलचा एके४०० हा कूलर घेतला. जुना कूलर काढण्यापूर्वी दहा मिनिटे रेंडर चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट मऊ होऊ द्यावी, मग संगणक बंद करून, स्क्रू सोडवून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचलावा. हा प्रोसेसर मदरबोर्डवरील एएम४ नावाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे खाचेत, बसतो; अशा प्रोसेसरला खालून पिना असतात, आणि पेस्ट वाळलेली असताना सरळ ओढल्यास कूलरला चिकटून प्रोसेसरच बाहेर येऊ शकतो.

खरी अडचण पुढे आली. हा कूलर कुठल्याही कॅबिनेटमध्ये, म्हणजे संगणकाच्या पेटीत, बसतो, असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते आणि मोजमाप न घेता मी त्यावर विश्वास ठेवला, याचे मला आजही वाईट वाटते. कूलरची उंची १५५ मिमी, तर माझ्या जुन्या अरुंद कॅबिनेटमध्ये प्रोसेसरपासून बाजूच्या झाकणापर्यंत पट्टीने मोजल्यावर जेमतेम १५० मिमी जागा भरली. कूलरचा माथा पत्र्याला टेकला आणि मागच्या स्क्रूंची भोके काही केल्या जुळेनात. तीन आठवडे संगणक उघडाच चालवला. पाथर्डी फाट्याजवळ आमच्या इमारतीशेजारी बांधकाम सुरू असल्याने तेवढ्यात कूलरच्या पात्यांवर सिमेंटच्या रंगाची साय धरली.

शेवटी कॉर्सेअरचे ४०००डी एअरफ्लो हे कॅबिनेट आणले. त्यात १७० मिमीपर्यंतचा कूलर बसतो, पुढची बाजू जाळीची आहे आणि १२० मिमीचे दोन पंखे सोबतच येतात. जाळीचा आग्रह मी मुद्दाम धरला. कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतील द्रवाची प्रोसेसरजवळ वाफ होते, ती कूलरच्या धातूच्या पात्यांपाशी जाऊन थंड होते आणि उष्णता कॅबिनेटमधल्या हवेत सोडली जाते. ती हवा बाहेर गेलीच नाही, तर कितीही महाग कूलर तीच तापलेली हवा पुन्हा ओढत राहतो. माझ्या जुन्या कॅबिनेटची पुढची बाजू बंद काचेची होती, त्यामुळे झाकण बसले असते तरी फारसा उपयोग झाला असता असे मला वाटत नाही.

मे महिन्यात खोलीचे तापमान ३६ अंश असताना रेंडरच्या वेळी प्रोसेसर ७१ अंशांवर स्थिरावला. डिसेंबरच्या रात्री खोली १८ अंशांवर असताना हाच आकडा ५५ होता. रात्री रेंडर लावून आता त्याच खोलीत झोपता येते, याचे मोल मला या आकड्यांहून अधिक वाटते.

नॉक्टुआचा १६५ मिमी उंचीचा एनएच-डी१५ हा कूलरही या कॅबिनेटमध्ये मावला असता, परंतु ६५ वॉटच्या या प्रोसेसरसाठी तेवढा खर्च करणे मला पटले नाही.

तक्रार एकच आहे. २३० मिमी रुंदीमुळे कॅबिनेट टेबलावर मावत नाही. ते जमिनीवर ठेवल्याने पुढची जाळी धूळ लवकर धरते आणि बांधकाम सुरू असेपर्यंत तरी दर रविवारी फिल्टर काढून गच्चीत झटकावा लागतो.