कंपोस्ट टी की जीवामृत? कोकणातल्या परड्यासाठी

कंपोस्ट टी म्हणजे कुजलेलं खत पाण्यात भिजवून काढलेलं द्रावण, आणि जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं. कुठलं करायचं हे ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा: जवळपास ताजं शेण मिळतं का, वीज सलग एक दिवस टिकते का आणि पाणी कुठलं आहे. दोन्हींपैकी कुठलं द्रावण जास्त 'ताकदीचं' हा वाद फारसा कामाचा नाही. दोन्हींत अन्नद्रव्यं थोडीच असतात. मुख्य काम मातीत जिवाणू सोडण्याचं, आणि मातीत सेंद्रिय खत नसेल तर त्या जिवाणूंना खायला काही नाही. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत आधी कुजलेलं खत, मग हे पाणी.

कंपोस्ट टी दोन तऱ्हांनी होते. पंपाच्या तऱ्हेला २० लिटरच्या बादलीत १८ लिटर पाणी, १ किलो पूर्ण कुजलेलं कंपोस्ट आणि ३० ग्रॅम गूळ लागतो. कंपोस्ट चहाच्या गाळणीइतक्या बारीक जाळीच्या पिशवीत बांधून सोडायचं. जुन्या पंच्याची पिशवी करू नका, घट्ट विणीत बुरशीचे तंतू आतच अडकतात. मासे पाळणारे वापरतात तो हवेचा पंप चालतो, पण एका नळीचा छोटा पंप या बादलीला अपुरा. मिनिटाला ७-८ लिटर हवा देणारा दोन नळ्यांचा घ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून २० ते २४ तासांवर नेऊ नका. पंप बंद केल्यावर चार-पाच तासांत संपवायचं.

इथे घोळ होतो तो विजेचा. हवा थांबली की गुळावर पोसलेले जिवाणू उरलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात, आणि काही तासांत नासक्या अंड्याचा वास सुटतो. तो आला की ते पाणी फवारू नका, माडाच्या आळ्यात ओता. दुसरी खोड लक्षात यायला वेळ लागतो: पंप बादलीपेक्षा खाली ठेवलेला असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं चढतं आणि पंप कायमचा बसतो. पंप वर खुंटीला टांगा. नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड दर वेळी ब्रशने घासा. हाताला बुळबुळीत लागला, तर आतून बुजला म्हणायचं. वर फेस आला म्हणजे टी जमली असं नाही, गुळानेही फेस येतो. पहिल्या पावसासारखा मातीचा वास हीच खूण.

दुसरी तऱ्हा बिनपंपाची. १ भाग कंपोस्ट, ५ भाग पाणी, गूळ अजिबात नाही. दिवसातून तीनदा ढवळा आणि २४ तासांनी गाळून लगेच ओता. फवारणीला ही कमी पडते, पण कुंड्यांच्या मुळाशी घालायला पुरेशी. वीज वरचेवर जाणाऱ्या गावात आम्ही हीच सुचवू.

जीवामृताचं, नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं प्रमाण २०० लिटर पाण्याचं आहे. २० लिटरला ते असं बसतं: शेण १ किलो, गोमूत्र अर्धा ते १ लिटर, गूळ आणि बेसन २००-२०० ग्रॅम, बांधावरची मूठभर माती. बेसन आधी वाटीभर पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या वर तरंगतात आणि तिथूनच कुजायला लागतं. पिंप प्लास्टिकचं, सावलीत, तोंडावर गोणपाट. झाकण गच्च लावलं तर वायू कोंडतो, उघडं ठेवलं तर माश्या अंडी घालतात. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. इथल्या उष्म्यात दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवडाभरात वापरावं लागतं. कुंडीला दहापट पाणी मिसळून, माती आधी ओली करून, अर्धा लिटर. झारीत घालण्यापूर्वी दोनदा गाळा, शेणातला काडीकचरा छिद्रं बुजवतोच.

दोन्हींना एक पथ्य सारखंच. कोथिंबीर, काकडी, मिरची अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर फवारू नका. कच्च्या शेणातून रोगजंतू येतात, आणि गूळ घातलेल्या टीमध्येही ते वाढू शकतात. फक्त मुळाशी द्या. फवारणीने करपा (पानं करपवणारा रोग) थांबतो असं छातीठोक सांगितलं जातं, पण प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. त्या भरवशावर मिरची सोडू नये.

पाण्याचं सांगायचं तर नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली असेल तर तेच करा. खाडीलगत मे महिन्यात विहिरी मचूळ होतात, ते पाणी दोन्हींना वर्ज्य.

गोठ्यात गाय असेल, किंवा शेजाऱ्याकडून रोज पाटीभर शेण मिळत असेल, तर जीवामृत घ्या. साहित्य घरचं आणि वीज गेली तरी काही बिघडत नाही. रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमध्ये मात्र गॅलरीतल्या पिंपाचा वास कसला, हे शेजारी दुसऱ्याच दिवशी विचारायला येतात. तिथे कंपोस्ट टी बरी, पंप असो वा नसो.

जून ते सप्टेंबर उघड्या परड्यात दोन्ही बंद. एका सरीत सगळं वाहून जातं. तेवढे महिने पडवळ-दोडक्याच्या आळ्यात घट्ट खतच घाला, आणि पंप पुसून कोरड्या जागी ठेवा.